मुलगा रुळला आहे

चव्वेचाळिसाव्या वर्षी पाठीला सॅक लावून कॉलेजात जायचं म्हणजे पहिले पंधरा दिवस आपण चुकून कोणाच्या तरी पालकसभेला आलोय असं वाटत राहतं. वर्गातली पोरं माझ्या मुलीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. मी पहिल्या रांगेत वही-पेन घेऊन, बाकी सगळे लॅपटॉपवर. असो.

नवऱ्याच्या नोकरीपायी पर्थला येऊन तेरा वर्षं झाली. त्यातली दहा मी एका ऑफिसात हिशेब लिहिण्यात घालवली. फार मन लावून लिहिले असं म्हणवत नाही. मग घरच्यांशी बरीच वादावादी करून समुपदेशनाच्या मास्टर्सला प्रवेश घेतला. दुसऱ्या सेमिस्टरला एक विषय सक्तीचा होता: इथल्या मूळ रहिवाशांचं, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांचं, मानसिक आरोग्य. मराठीत आपण सरळ 'आदिवासी' म्हणतो. सक्तीचा नसता तर मी हा विषय घेतला असता का? खरं सांगायचं तर नाही. तेरा वर्षांत माझ्या घरी एकदाही कोणी नूंगार माणूस चहाला आलेला नव्हता. नूंगार म्हणजे या नैर्ऋत्य कोपऱ्यातले मूळचे लोक. ज्यांच्या जमिनीवर माझं कर्जाचं घर उभं आहे, ते.

शिकवायला एक साठीच्या बाई होत्या. त्यांना सगळे 'आंटी' म्हणत. आपल्याकडे एखाद्या बाईला आंटी म्हणून बघा, जन्माची दुश्मनी! इथे मात्र अ‍ॅबोरिजिनल समाजात आंटी आणि अंकल हे मानाचे शब्द आहेत, वयाने आणि कर्तृत्वाने मिळवायचे. म्हणजे आपल्या 'मावशी', 'काका'सारखे, पण त्याहून थोडे जड. मला ते जमायला वेळ लागला नाही. वर्गातल्या गोऱ्या पोरांना मात्र प्राध्यापकाला आंटी म्हणताना कानकोंडं व्हायचं, त्याची मला उगाच मजा वाटायची.

पहिल्या तासाला आंटींनी 'काया' म्हणून नमस्कार केला आणि सगळ्यांना गोल बसवलं. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि आपण कोणाच्या जमिनीवर वाढलो ते सांगायचं. माझी पाळी आली. परदेशातला प्रत्येक मराठी माणूस जे ठोकून देतो तेच मी ठोकून दिलं: मुंबई.

"मुंबईतच वाढलीस?"

"नाही... तिथून दीडशे किलोमीटरवर. डोंगरात. जव्हार म्हणून गाव आहे, त्या तालुक्यात."

"आणि ती जमीन कोणाची?"

हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "वारल्यांची." मग घाईघाईने, "कोकणांची पण. कातकरी, ठाकर, महादेव कोळी. तिथले राजेसुद्धा कोळी होते." आंटींनी मान हलवली. "आणि तुझे लोक?" म्हटलं, आम्ही साताऱ्याकडचे. बाबा तिथे शिक्षक होते. "कसली शाळा?" मी म्हटलं, मुलं तिथेच राहतात अशी. आदिवासी मुलांची, सरकारी. निवासी.

आंटी पुढच्या मुलाकडे वळल्या. काही बोलल्या नाहीत. पण 'आदिवासी मुलांची निवासी शाळा' हे शब्द मी इंग्रजीत, त्या गोलात बसून उच्चारले आणि ते माझ्याच कानांना कसे लागले ते मलाच माहीत.

आता पुढचं सांगण्याआधी इथला इतिहास थोडा सांगायला हवा, नाहीतर मी कशाने दचकले ते कळणार नाही.

१९०५ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलियात एक कायदा झाला. त्याने 'चीफ प्रोटेक्टर' नावाचा सरकारी अधिकारी सोळा वर्षांखालच्या प्रत्येक अ‍ॅबोरिजिनल मुलाचा कायदेशीर पालक झाला. आई-बाप जिवंत असताना, हे लक्षात घ्या. नाव 'संरक्षक', काम मुलं उचलून नेण्याचं. खास करून ज्यांच्यात गोरं रक्त मिसळलेलं दिसे ती. १९१५ पासून पंचवीस वर्षं हा कारभार ए. ओ. नेव्हिल नावाच्या माणसाने पाहिला. पर्थच्या उत्तरेला मूर रिव्हरची वसाहत होती, तिथे अशी मुलं ठेवत. आपली भाषा बोलायची नाही, घरी जायचं नाही. १९३१ मध्ये मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुली तिथून पळाल्या आणि सशांसाठी बांधलेल्या कुंपणाच्या कडेकडेने घराच्या दिशेने चालत सुटल्या. जिगालाँगपर्यंतची ती वाट सुमारे सोळाशे किलोमीटर. ग्रेसी वाटेतच पकडली गेली, मॉली आणि डेझी पोचल्या. मॉली चौदा वर्षांची होती. २००२ साली यावर सिनेमा आला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण सिनेमा संपतो तिथे गोष्ट संपत नाही. मॉलीला १९४० मध्ये दोन मुलींसकट पुन्हा मूर रिव्हरला आणलं. ती पुन्हा पळाली, पुन्हा चालत गेली, या वेळी धाकटीला कडेवर घेऊन. मोठी डोरिस मागे राहिली, ती तेव्हा जेमतेम चार वर्षांची. धाकटीलाही पुढे सरकारने नेलंच. हे पुस्तक लिहिलं ते त्या मागे राहिलेल्या डोरिसने.

१९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' या अहवालाने अंदाज दिला की १९१० ते १९७० या काळात दर दहा मुलांमागे एक ते दर तीन मुलांमागे एक इतकी मुलं अशी तोडली गेली. त्याआधी, कोठडीतल्या ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९९१ मध्ये अहवाल दिला होता. त्या ९९ जणांपैकी ४३ जण लहानपणी घरच्यांपासून वेगळे केलेले होते. मी हा आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. हिशेबनीस बाई ना, आकडा लगेच कळतो.

तर हे सगळं आरोग्याच्या वर्गात कशाला? मलाही सुरुवातीला तोच प्रश्न पडला. आम्हाला आधीच्या सेमिस्टरला शिकवलं होतं की नैराश्य माणसाच्या आत असतं. नऊ प्रश्न विचारा, गुण मोजा, आकडा काढा. इथे आंटींनी फळ्यावर एक माणूस काढला आणि त्याच्याभोवती सात पाकळ्या: शरीर, मन, कुटुंब-नातीगोती, समाज, संस्कृती, जमीन, आणि पूर्वज-अध्यात्म. 'मानसिक आरोग्य' हा शब्दच इथले लोक फारसा वापरत नाहीत. 'सोशल अँड इमोशनल वेलबीइंग' म्हणतात. १९८९ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलंय की आरोग्य म्हणजे एकट्याच्या शरीराचं बरं असणं नव्हे, सगळ्या समाजाचं सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक क्षेम. हे काम पुढे नेलेल्या दोघी याच राज्यातल्या. पॅट डजन किम्बर्लीच्या बार्डी, देशातल्या पहिल्या अ‍ॅबोरिजिनल मानसशास्त्रज्ञ. आणि हेलन मिलरॉय, देशातल्या पहिल्या अ‍ॅबोरिजिनल डॉक्टर. पदवी कधी मिळाली? १९८३ साली! आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या १८८६ मध्ये. मी हे वर्गात बोलले नाही, पण बराच वेळ हा हिशेब डोक्यात फिरत राहिला.

त्या सात पाकळ्यांतली 'कंट्री' ही पाकळी मराठीत कशी सांगायची यावर मी एक अख्खी बस-फेरी घालवली. देश? छे. जमीन म्हटलं की सातबारा आठवतो. माती, रान, शिवार, मुलूख... 'मुलूख' जरा जवळ येतो. नूंगारमध्ये 'बूजा'. त्यात डोंगर, नदी, पूर्वज, तिथले प्राणी आणि त्यांच्याशी असलेलं नातं, सगळंच आलं. माणूस जमिनीचा मालक नाही, तिचा नातेवाईक. ट्रेसी वेस्टरमन या न्यामल मानसशास्त्रज्ञ आहेत. माणसं आपल्या मुलखापासून फार काळ दूर राहिली की त्या ओढीनेच आजारी पडतात, याची त्यांनी नीट नोंद केली आहे. बाहेरच्या डॉक्टरला ते नुसतं नैराश्य दिसतं. गोळी लिहून देतो. खरं औषध म्हणजे एक महिना घरी जाऊन येणं.

तसंच नजरेचं. पहिल्या सेमिस्टरला आम्ही नमुना मुलाखती लिहायचो तेव्हा एक ठरलेला रकाना होता, 'नजरेला नजर: कमी'. हे आजाराचं लक्षण. आंटींनी विचारलं, मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू नये असं कोणाकोणाला शिकवलंय? मी, एक नेपाळी मुलगी, एक मलेशियन मुलगा आणि दोघे नूंगार विद्यार्थी, अशा पाचांचे हात वर. आजीसमोर मी सरळ बघून उत्तर दिलं असतं तर तिने मला नैराश्य झालंय म्हटलं नसतं. दुसरंच काहीतरी म्हटलं असतं. मेलेल्या माणसाचा आवाज येणं, तो आसपास असल्यासारखं वाटणं, हेही तसंच. शोकाच्या काळात इथे ते स्वाभाविक मानतात. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत पिंडाकडे बघत ताटकळणारे आपण, आपल्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार?

इथपर्यंत मी अगदी खूश होते. प्रत्येक गोष्ट आपल्यासारखी! त्यांचे सहा ऋतू, आपले सहा ऋतू. (ऑगस्ट-सप्टेंबरच्या जिल्बात रानफुलं सुरू होतात. आमच्या कॉलेजच्या वाटेवर पिवळाजर्द वॅटल फुलला होता.) त्यांच्या आंट्या, आपल्या मावश्या. त्यांना इंग्रजांनी छळलं, आपल्यालाही. रॉटनेस्ट बेटाचा धडा झाला तेव्हा तर मी हात वर करून अंदमानबद्दल पाच मिनिटं बोलले. रॉटनेस्ट, मूळ नाव वाजेमप, तिथे १८३८ ते १९३१ या काळात सुमारे ३,७०० अ‍ॅबोरिजिनल पुरुष आणि मुलगे कैदेत ठेवले होते. किमान ३७३ तिथेच पुरलेत. जिथे ते कोंडलेले असत ती इमारत २०१८ पर्यंत पर्यटकांचं राहण्याचं ठिकाण होती. पर्थला आल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही त्या बेटावर क्वोकाबरोबर सेल्फी काढायला गेलो होतो. तो फोटो अजून फ्रिजवर आहे. होता.

मग पहिला निबंध. विषय असा की, 'या इतिहासात तुम्ही कुठे उभे आहात?' पंधराशे शब्द. मी झकास लिहिला. वसाहतवाद, दोन्हीकडचे इंग्रज, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, पारधी, १९५२ साली तो कलंक कायद्याने पुसला पण समाजाने पुसला नाही, सगळं लिहिलं. संदर्भ अचूक. निबंध परत आला तो जेमतेम पास होऊन. खाली आंटींच्या अक्षरात एकच ओळ होती. अर्थ असा: हे सगळं ठीक, पण यात तू कुठेच नाहीस. शाळेचं काय?

मला राग आला. खरंच आला. घरी येऊन नवऱ्यासमोर बडबड केली की या बाईंना काय माहीत आमच्याकडचं. आमच्या आश्रमशाळेची तुलना मूर रिव्हरशी? तिथे पोलीस मुलं धरून नेत होते का? आई-बाप स्वतः आणून सोडत, दिवाळीला आणि मे महिन्यात न्यायला येत. नवरा म्हणाला, "मग हेच लिही की."

लिहायला बसले. आणि बघा कसं असतं, एकदा त्या दारातून आत गेलं की आपल्याला हवं तेवढंच आठवत नाही.

बाबा १९७९ साली तिकडे रुजू झाले आणि अकरा वर्षं राहिले. मी तिथेच लहानाची मोठी झाले. दिवसा मी त्याच वर्गात बसायचे, त्याच मुलांबरोबर. संध्याकाळी ती हॉलमध्ये जायची आणि मी क्वार्टरमध्ये. मधे पन्नास पावलं असतील. हॉलवर पत्रा, जव्हारचा पाऊस, ठिकठिकाणी गळती. मुलं ओळीने जमिनीवर. त्याच हॉलमध्ये दिवसा वर्ग भरे. माझ्याकडे खाट होती आणि झोपताना कपभर दूध. दिवाळीच्या आसपास लांबच्या पाड्यावरून तारप्याचा आवाज यायचा, तेव्हा हॉलमधली सगळी गडबड एकदम थांबायची. मी ते विसरले होते. इतकी वर्षं मी फक्त तारपा लक्षात ठेवला होता, मैत्रिणींना सांगायला. हॉलमधली शांतता नव्हती ठेवली.

आणि वर्गात वारली बोललं की बाकावर उभं राहायचं. हा नियम बाबांचाच. मलाही वारली येत होती, फाडफाड यायची म्हणे. आईने कानउघाडणी करून सोडवली, "हे काय बोलणं?" म्हणून. आज एक वाक्य येत नाही. माझं मराठी मात्र 'तिकडे राहूनही शुद्ध' म्हणून नातेवाइकांत कौतुकाचा विषय.

बाबांना फोन लावला. ते नाशिकला असतात, वय पंचाहत्तरच्या पुढे, आई गेल्यापासून एकटे. मी अगदी सांभाळून विचारलं, "बाबा, मुलांना वारली का बोलू देत नव्हता?"

"परीक्षा कुठल्या भाषेत होती?"

"हो, पण..."

"इन्स्पेक्टर आला तर कुठल्या भाषेत विचारणार? तलाठ्याशी, सावकाराशी, कोर्टात? अगं, अंगठे घेऊन जमिनी गेल्या त्यांच्या. मराठी येत नव्हतं म्हणून गेल्या. तू गोदावरीबाईंचं पुस्तक वाचलंयस ना?"

'जेव्हा माणूस जागा होतो' आमच्या घरी होतं. बाबांनीच वाचायला लावलं होतं.

मग मी मूर्खासारखं इथल्या वसाहतींबद्दल सांगायला लागले. बाबा ऐकत होते. मधेच म्हणाले, "आम्ही मुलं पळवली नाहीत. दोन वेळचं जेवण होतं तिथे. १९९२ साली वावर-वांगणीला काय झालं विसरलीस? त्यातली किती शाळेत असती तर जगली असती. तुम्ही लोक तिकडे एसीत बसून..." आणि फोन ठेवला. माझ्या बाबांनी माझ्यावर फोन कधी आपटला नव्हता.

ते चुकीचं बोलत नव्हते, हीच पंचाईत. नेव्हिल आणि माझे बाबा एक नव्हेत, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे शिक्षक झाली, नर्स झाल्या, एक जण तहसील कचेरीत आहे. ती दिवाळीला फोन करतात. आणि तरीही आम्हाला वर्गात कॅनडातला एक अभ्यास वाचायला होता. चँडलर आणि ललोंद या दोघांनी ब्रिटिश कोलंबियातल्या जवळजवळ दोनशे आदिवासी समुदायांत १९८७ ते १९९२ मधल्या तरुणांच्या आत्महत्या मोजल्या. काही ठिकाणी राष्ट्रीय प्रमाणाच्या कित्येक पट. आणि निम्म्याहून अधिक समुदायांत एकही नाही. म्हणजे 'आदिवासी तरुण आत्महत्या करतात' हे वाक्यच खोटं. जिथे शाळा, आरोग्यसेवा, जमिनीचे हक्क यांचा कारभार लोकांच्या स्वतःच्या हातात होता, तिथे आकडा खाली. पुढे त्यांनी भाषेचा प्रश्न घातला, तर जिथे निम्म्याहून जास्त लोक आपली भाषा बोलत होते तिथेही तसंच. बाकावर उभं राहिलेल्या पोरांचे चेहरे मला ते वाचताना दिसत होते, नावांसकट.

हे सगळं मी कोणाशी बोलणार? आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर २०२३ च्या ऑक्टोबरात, सार्वमताच्या आधी, जी चर्चा झाली होती ती मला आठवत होती. पार्लमेंटला सल्ला देणारं अ‍ॅबोरिजिनल लोकांचं एक मंडळ घटनेत असावं की नाही, एवढाच प्रश्न. देशात सुमारे साठ टक्के लोक 'नाही' म्हणाले. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "सगळं फुकट मिळतं त्यांना, अजून काय पाहिजे?" त्याखाली सात अंगठे. हे वाक्य मी नाशिकला लग्नांच्या पंगतीत, पुण्याला ऑफिसात, आरक्षणावरून किती वेळा ऐकलंय! शब्दसुद्धा तेच. सातपैकी एक अंगठा आमच्या घरातला होता, हे मागाहून कळलं. त्यावर आमचं झालेलं भांडण इथे लिहीत नाही.

तर आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी, इथे रात्रीचे अकरा वाजले असताना, बाबांचा फोन. मला वाटलं, तब्येत.

"झोपलीस का? एक सांगायचं होतं."

एक मुलगा होता, म्हणाले. १९८६ ची गोष्ट. तिसरीतला. जूनमध्ये बापाने आणून सोडला आणि पहिल्याच आठवड्यात पळाला. रात्री. वीसेक किलोमीटर रान, दोन ओढे भरून वाहत होते. बाबा दुसऱ्या दिवशी त्याच्या पाड्यावर गेले. पोरगा आईच्या मागे लपलेला. समजूत घालून आणला. पंधरा दिवसांनी पुन्हा पळाला. पुन्हा बाबा गेले. या वेळी बाप म्हणाला, गुरुजी राहू द्या आता. बाबा म्हणाले, पटसंख्या कमी झाली तर अनुदानाचं काय? हे बापाला नाही म्हणाले, मनात म्हणाले. बापाला म्हणाले, पोराचं आयुष्य वाया घालवू नको. आणला.

"मग तिसऱ्यांदा पळाला?"

"नाही ना. तिसऱ्यांदा नाही पळाला." बाबा थांबले. "बोलायचाच बंद झाला. वारलीही नाही, मराठीही नाही. सांगितलं तेवढं करायचा. जेवायचा, ओळीत उभा राहायचा, वहीत उतरवून घ्यायचा. रात्री दाराशी झोपायचा. वर्षअखेरीला मी शेऱ्यात काय लिहिलं माहितीय? 'मुलगा आता रुळला आहे.'"

मी काहीच बोलले नाही. मला या सेमिस्टरला शिकवलेले सगळे शब्द त्या क्षणी तोंडाशी आले होते. माघार, सुन्नपणा, आघात. एकही उच्चारला नाही. बाबांना त्याची गरज नव्हती. ते गेले आठ दिवस बहुतेक तेच करत बसले होते.

"आनंदाने लिहिलं होतं गं मी," ते म्हणाले. "एक काम फत्ते झालं म्हणून."

त्याचं पुढे काय झालं ते बाबांना माहीत नव्हतं. चौथीनंतर तो आलाच नाही, आणि चौथीनंतर गळणारी पोरं इतकी असायची की कोण मोजतो.

निबंध मी पुन्हा लिहिला. बाबांना विचारून लिहिला. ते म्हणाले, लिही, पण माझं नाव घालू नकोस. मग म्हणाले, घातलंस तरी चालेल. मी नाही घातलं. आंटींनी तो वाचून मला थांबवून घेतलं. मला वाटलं, आता पाठीवर हात वगैरे ठेवतील. त्यांनी विचारलं, "वडील कसे आहेत?" मी म्हटलं, झोपत नाहीत नीट. "एकटे राहतात?" हो. मग त्यांनी आपल्या आजीचं सांगितलं. आजी मूर रिव्हरला वाढली होती. तिथल्या एका बाईबद्दल, कर्मचारी बाईबद्दल, ती चांगलं बोलायची. त्या बाईने तिला शिवण शिकवलं होतं. "ती चांगलीच असेल," आंटी म्हणाल्या. "आजी कायम दाराशी झोपायची. म्हातारी झाल्यावरसुद्धा."

माझ्या निबंधात दाराशी झोपण्याचा उल्लेख होता, म्हणून त्यांना आठवलं असेल. मला पुढे काही विचारवलं नाही. मार्क बरे पडले, हे सांगायलाही लाज वाटते.

जानेवारीत बाबा जव्हारला जाऊन आले. मला न सांगता, एसटीने, गुडघ्याला पट्टा बांधून. त्यांना वाडीचं नाव आठवत होतं, पोराचं आठवत होतं, बापाचंही. पाडा आता रस्त्याला लागलाय म्हणे, जीप जाते. घरी म्हातारी मंडळी आणि लहान पोरं, बाकी सगळं गाव वीटभट्ट्यांवर गेलेलं, दिवाळीनंतर जातात तसं. त्या मुलाचा भाऊ भेटला. त्याने बाबांना ओळखलं नाही, पण शाळेचं नाव काढल्यावर ओळखलं. बसायला खाट दिली, चहा केला.

तो आहे. पन्नाशीला आलाय. बायको, तीन मुलं आहेत. भिवंडीकडे भट्टीवर असतो.

"बोलतो का?" मी विचारलं. हेच विचारावंसं वाटलं.

"मीही तेच विचारलं त्याच्या भावाला. तर तो हसला. म्हणाला, कामापुरतं बोलतो, तारपा मात्र चांगला वाजवतो."

होळीला सगळे घरी येतात, तेव्हा या म्हणाला भाऊ. बाबा जाणार आहेत. परवा फोनवर विचारत होते, जाताना काय न्यावं. मिठाई नेली तर बरं दिसेल का, की ते पाहुण्यासारखं होईल? आणि गेल्यावर आधी काय बोलायचं? मी दोन वर्षं हेच शिकतेय, समोरच्याशी बोलायला सुरुवात कशी करायची. मला काही सुचलं नाही. म्हटलं, वारलीत 'कसा आहेस' कसं म्हणतात, आठवतंय का?

बराच वेळ फोनवर नुसता त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"थांब," म्हणाले. "तुला येत होतं ते."